डोळे दाखवायला

[पहाट. केजचं बसस्थानक. हात आणि पिशवी, चेहरा नाही.]

मनगटावर गोंदलेली तुळस. मांडीवर कापडी पिशवी. पिशवीत दोन भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं, उपचारांच्या नोंदींचं एक हिरवं पुस्तक. एचआयव्ही असलेल्या माणसाची ओळख त्याच्या संमतीवाचून उघड करायची नाही, असं 2017 चा कायदा सांगतो. आजींनी संमती दिली ती फक्त हातांची.

अंबाजोगाईची गाडी लागते. कंडक्टर अर्धं तिकीट देतो. शेजारची बाई विचारते, "कुठं निघालाव, मावशे?"

"डोळे दाखवायला."

मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन बरीच वर्षं झाली. डोळे दाखवणं अजून चालू आहे.

[गावातली भिंत. उडालेला रंग.]

ही भिंत दिसली म्हणून आम्ही गाडी थांबवली. चुन्याखालचा लाल त्रिकोण अजून ओळखू येतो. सरकारनं 1968 साली निरोध आणला तो कुटुंब नियोजनासाठी. आज साठी-सत्तरीत असलेल्या पिढीला तो कळला अशाच भिंतींवरून. पोर नको असेल तर वापरायची वस्तू, एवढंच. देशात एचआयव्हीचे पहिले रुग्ण सापडले 1986 मध्ये, तेव्हाच्या मद्रासला. तोवर यांच्यातल्या कितीतरी घरांत ऑपरेशन होऊन पाळणा थांबलेला होता.

[उसाचा फड. कोयत्याचा आवाज.]

त्यात हा बीड जिल्हा. दसरा-दिवाळी झाली की बिऱ्हाड गाडीत घालायचं आणि पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊस तोडायला निघायचं. नवरा-बायको मिळून एक कोयता. पाळीपायी खाडा नको, दंड नको, म्हणून ऐन तिशीत गर्भाची पिशवी काढून टाकलेल्या बायका इथं भेटतात. 2019 मध्ये विधिमंडळापर्यंत हा विषय गेला होता. पिशवीच नाही तर निरोध कशाला? त्यांनी केलेला हिशेब चुकीचा कसा म्हणायचा? त्या भिंतीनं शिकवला तोच आहे. म्हाताऱ्यांच्या चालीबद्दल कुजबुज करणाऱ्यांनी आधी ही भिंत बघून यावी.

तरुण बाईची तपासणी गरोदरपणात होऊन जाते. पन्नाशीनंतर तशी वेळच येत नाही. प्रौढांमधलं प्रमाण म्हणून जो आकडा छापला जातो, तोही 15 ते 49 वयाचा. वजन उतरलं, तोंड आलं, नागीण उठली, खोकला हटेना, तर वय झालं म्हणायचं आणि एक सलाईन लावायची. आजींचं निदान झालं ते टीबीमुळे. टीबी निघाला की एचआयव्हीची तपासणी करतातच.

[तपासणी केंद्र. टेबल, नळी, किट.]

ही तपासणी सरकारी केंद्रात फुकट होते. दंडाला रबर बांधतात, शीर बघतात, थोडंसं रक्त घेतात. नळी यंत्रात फिरते आणि वर पिवळसर पाणी उरतं. त्याचा एक थेंब किटवर. आता थांबायचं. एक रेघ उमटते, ती किट नीट चालल्याची. दुसरीही उमटली तर त्याच रक्ताची आणखी दोन वेगळ्या किटवर तपासणी. तिन्ही जुळल्या, तरच पॉझिटिव्ह म्हणतात. लागण नवी असेल तर सुरुवातीचे काही आठवडे ही रेघ उमटत नाही, म्हणून शंका असली तर तीन महिन्यांनी पुन्हा बोलावतात.

[बंद दार. बाहेर बाक, बाकावर धोतरातले आबा.]

आत समुपदेशक मॅडम आहेत, आबांच्या लेकीच्या वयाच्या. शेवटचा संबंध कधी आला, हे त्यांना विचारावंच लागतं. आमचा कॅमेरा बाहेरच राहिला. दार उघडल्यावर आबा एवढंच म्हणाले, "हे इचारायचं वय हाय का माजं?"

निदान उशिरा झालं तर प्रतिकारशक्ती फार खाली गेलेली असते, वयामुळे ती सावकाश भरून येते, आणि काही जण तोवर जगत नाहीत.

[औषधाची खिडकी.]

एचआयव्हीची औषधं सरकारी केंद्रांत मोफत मिळू लागली एप्रिल 2004 पासून. तेव्हा चाळिशीत गोळ्या सुरू केलेली माणसं आज साठी ओलांडून या रांगेत उभी आहेत. दिवसातून एकच गोळी, तिच्यात तीन औषधं. ती नियमित घेतली आणि रक्तातला विषाणू तपासणीत सापडेनासा झाला, की संबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही. अडचण येते ती म्हातारपणाच्या बाकीच्या गोळ्यांची. कॅल्शियम, रक्तवाढीच्या आणि ॲसिडिटीच्या गोळ्या सोबत घेतल्या तर या औषधाचा जोर कमी पडू शकतो. साखरेची गोळी चालू असेल तर तिचा डोस बघावा लागतो. मूत्रपिंडाची तपासणीही अधूनमधून लागते. खिडकीतला मुलगा विचारतो, "आजी, कॅल्शियम कधी घेता?"

"सकाळी. ही रातच्याला."

[परतीची गाडी.]

डबी नवी, गोळ्यांनी भरलेली. एसटीच्या धक्क्यानं ती वाजते. आजी झाकण उघडतात, पदराच्या गाठीतून कापसाचा बोळा काढून आत दाबतात, झाकण लावतात. डबी लुगड्याच्या तुकड्यात. तुकडा भाकरीच्या फडक्याखाली.

"काय म्हणले डाक्टर डोळ्याचं?" पुढच्या सीटवरून कुणीतरी विचारतं.

"बरं हाय म्हणले. दोन महिन्यानं बोलावलंय."