लेवी बेन गेर्शोन आणि अष्टमीचा चंद्र

श्रोतेहो, नमस्कार.

१३०६ साली फ्रान्सच्या राजाने आपल्या मुलखातून ज्यूंना हाकलून दिले. मात्र दक्षिणेकडील ओरांज आणि आव्हिन्यों ही नगरे त्याच्या अमलाबाहेर होती. आज ज्यांच्याविषयी बोलायचे आहे, त्या ज्यू खगोलज्ञ, गणिती आणि तत्त्वज्ञ लेवी बेन गेर्शोन (१२८८–१३४४) यांचे बहुतेक आयुष्य याच भागात गेले.

प्राचीन ग्रीक खगोलज्ञ टॉलेमीच्या चंद्रगणिताप्रमाणे अष्टमीच्या सुमारास चंद्र पृथ्वीच्या इतका जवळ येतो, की त्याचे बिंब पौर्णिमेपेक्षा जवळजवळ दुप्पट रुंद दिसावे. तसे ते दिसत नाही, हे अंगणात उभे राहणाऱ्या कोणालाही कळेल. पण ग्रंथापेक्षा डोळ्याला प्रमाण मानून चंद्राचे गणितच नव्याने मांडण्याचे धाडस लेवींनी केले.

मोजमापासाठी त्यांनी एक साधेच उपकरण वर्णिले आहे. एक लांब काठी घ्यायची आणि तिच्यावर मागेपुढे सरकणारी आडवी पट्टी बसवायची. काठीचे टोक डोळ्याशी धरून, पट्टीची दोन टोके दोन ताऱ्यांना भिडलेली दिसेपर्यंत पट्टी सरकवली, की तिची लांबी आणि डोळ्यापासूनचे अंतर यांवरून कोन काढता येतो. दृष्टीचे केंद्र डोळ्याच्या पृष्ठभागावर नसून आत असते, म्हणून तेवढी भर अंतरात घातली पाहिजे, हेही ते बजावतात. मला हा बारकावा काठीहून मोलाचा वाटतो. पुढे दर्यावर्दी लोकांनी अशीच काठी समुद्रावर वापरली.

संगीतज्ञ फिलिप द व्हित्री यांनी विचारलेल्या प्रश्नावरून १३४३ मध्ये लेवींनी सिद्ध केले, की केवळ दोन आणि तीन यांच्या गुणाकारांतून बनणाऱ्या संख्यांमध्ये एकाचाच फरक असलेल्या जोड्या चारच आहेत: १ व २, २ व ३, ३ व ४, ८ व ९.

तत्त्वज्ञानातही त्यांनी भीड ठेवली नाही. ईश्वराला सृष्टीचे नियम ठाऊक असतात, परंतु माणूस पुढे कोणता मार्ग निवडील हे आधीच ठाऊक नसते, असे त्यांनी १३२९ मध्ये पूर्ण केलेल्या ‘परमेश्वराची युद्धे’ या ग्रंथात प्रतिपादले. विरोधकांनी त्याला ‘परमेश्वराविरुद्धची युद्धे’ म्हणून हिणवले. हा ग्रंथ १५६० मध्ये छापला गेला खरा. पण ज्यात ती काठी आणि तो चंद्र आहे, तो खगोलशास्त्राचा १३६ प्रकरणांचा भाग छापताना वगळण्यात आला.