खिडकीसमोरचा चेहरा काळा का येतो?

नमस्कार. माझ्या पाठीमागे खिडकी आहे आणि माझा चेहरा तुम्हाला काळवंडलेला दिसतो आहे. हे मी मुद्दाम केले आहे, कारण फोनवर काढलेले घरगुती फोटो बहुतेक वेळा इथेच बिघडतात. फोन सगळ्या चौकटीतल्या प्रकाशाचा अंदाज घेतो, बाहेरचे ऊन त्याला फार वाटते आणि ते आवरण्यासाठी तो चेहऱ्यासकट सारेच गडद करतो. आता मी हात पुढे करून पडद्यावरच्या माझ्या चेहऱ्यावर बोट टेकवते. पाहा, चेहरा उजळला आणि खिडकी पांढरीफटक झाली. बोट तिथेच दाबून धरले, तर बहुतेक फोनमध्ये हे मोजमाप कायम राहते. मग शेजारी दिसणारी पट्टी सरकवून उजेड हवा तेवढा कमी-जास्त करता येतो.

माझ्या आजीचा माझ्याकडचा शेवटचा फोटो असाच दारात, पाठीमागे ऊन असताना काढलेला आहे आणि त्यात तिचे डोळे दिसत नाहीत. म्हणून आग्रहाने सांगते, माणसाला उजेडाकडे तोंड करून बसवा.

चेहरा आणि खिडकी दोन्ही एकाच वेळी नीट टिपणे फोनला अवघड जाते, त्याचे एक मोठे कारण सेन्सरच्या, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या भागाच्या, लहान आकारात आहे. फुल-फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ × २४ मिलिमीटरचा असतो, तर चांगल्या महागड्या फोनमध्येही मुख्य सेन्सर साधारण १० मिलिमीटर रुंद असतो. क्षेत्रफळाचा फरक दहा पटींहून अधिक आहे. ही उणीव भरून काढण्यासाठी फोन एकापाठोपाठ अनेक फोटो टिपतो आणि त्यांचा मिळून एक करतो. कमी उजेडासाठीच्या नाइट मोडमध्ये याला काही सेकंद लागू शकतात, म्हणून फोन दोन्ही हातांनी धरून कोपरे बरगड्यांना टेकवावीत. धावणाऱ्या मुलाला मात्र या मोडचा उपयोग नाही. त्याचा फोटो दिवसा अंगणात काढावा.

चेहरा फार जवळून टिपला की नाक मोठे दिसते. दोन पावले मागे सरा आणि पडद्यावरचे २एक्स, म्हणजे दुप्पट झूम, निवडा. त्यापुढे चिमटीने झूम करत गेल्यास बहुतेक फोन चित्राचा तुकडा कापून तोच ताणतात.

लेन्स मात्र आधी मऊ सुती कापडाने पुसा. फोटो छापायचा असल्यास व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे मूळ फाइल आहे तशी पोहोचते.