हॉलिवुड रोडवरचं मान मो मंदिर

नमस्कार श्रोतेहो.

हाँगकाँगला जाणाऱ्या पर्यटकांच्या यादीत मान मो मंदिर असतं ते बहुतेक फोटोसाठी. छतापासून लोंबणारी उदबत्त्यांची मोठमोठी वेटोळी, त्यांतून उतरणारा धूर आणि वरून येणारी उन्हाची तिरीप. फोटो झाला की मंडळी बाहेर पडतात. पण मंदिर १८४७ सालचं आहे. हाँगकाँग ब्रिटिशांच्या ताब्यात जाऊन तेव्हा जेमतेम पाच-सहा वर्षं झाली होती. इथल्या चिनी समाजाचा कारभार पुढची कित्येक वर्षं याच आवारातून चालला. तेव्हा जायचंच तर थोडी माहिती घेऊन जावं.

आधी पोचायचं कसं ते सांगतो. मंदिर शुंग वान भागात, हॉलिवुड रोड आणि लॅडर स्ट्रीट यांच्या कोपऱ्यावर आहे. (या हॉलिवुडचा सिनेमाशी संबंध नाही. हा रस्ता १८४४ चा, अमेरिकेतल्या त्या गावाच्या कितीतरी आधीचा.) शुंग वान मेट्रो स्थानकाच्या ए-२ दारातून चालत दहा मिनिटं लागतात. मात्र वाट चढाची आहे, आणि लॅडर स्ट्रीट म्हणजे शब्दशः दगडी पायऱ्याच. गुडघे कुरकुरत असतील तर सेंट्रल या भागातून रस्त्यावरच्या सरकत्या जिन्याने वर या, हॉलिवुड रोडला उतरा आणि पश्चिमेकडे चालत राहा. इथे एक गोष्ट हमखास फसते. हा जिना सकाळी सहा ते दहा खालच्या दिशेने चालतो, कामावर जाणाऱ्यांसाठी. वर न्यायला लागतो तो दहानंतर. सकाळी लवकर जायचं असेल तर २६ क्रमांकाची बस बरी, ती मंदिरापाशीच थांबते. मंदिर रोज सकाळी आठ ते संध्याकाळी सहा उघडं असतं आणि प्रवेशाला पैसे नाहीत. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे साधारण आपल्या अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला, गर्दी असते. निवांत पाहायचं तर ते दिवस टाळा.

आता आत जाऊ. आपल्या काही सवयी दाराबाहेर ठेवाव्या लागतात. चपला काढायच्या नाहीत. इथे तशी रीत नाही, आणि जमिनीवर गरम राख पडलेली असते ते वेगळंच. उंबरा ओलांडायचा, त्यावर पाय द्यायचा नाही. आत काशाची घंटा दिसेल, ती वाजवू नका. ती १८४७ सालची आहे, जपून ठेवलेली. दारातून आत गेलं की समोर लाकडी दारांचा आडोसा येतो, त्याच्या बाजूने वळून पुढे जायचं. मग मधला भाग थोडा खोलगट, आणि त्यापलीकडे उंचावर गाभाऱ्याचं दालन.

मान म्हणजे मान चेउंग, विद्येचा देव. त्याच्या हातात लेखणी, म्हणजे कुंचला. मो म्हणजे क्वान ताई, युद्धाचा देव, हातात शस्त्र. मान चेउंगकडे पूर्वी सरकारी परीक्षांचे उमेदवार यायचे. त्या परीक्षा चीनमध्ये १९०५ साली बंद झाल्या, तरी विद्यार्थ्यांचं येणं थांबलेलं नाही. क्वान ताई हा मुळात खरा सेनापती, क्वान यू, इसवी सन २२० च्या सुमाराला मारला गेलेला. दिलेला शब्द पाळणारा म्हणून तो पूजला जातो, त्यामुळे व्यापारी त्याला मानतात, हाँगकाँगचे पोलीस मानतात आणि गुन्हेगारी टोळ्याही मानतात! मुंबईकरांना हा देव बघायला इतक्या दूर जायला नको. माझगावात नवाब टँक रोडवर १९१९ सालचं चिनी मंदिर आहे, तिथे हाच देव क्वान कुंग या नावाने आहे.

या दोघांच्या जोडीला आणखी दोन देव आहेत, ते नजरेतून सुटू देऊ नका. एक पाओ कुंग, चीनमधल्या सोंग राजघराण्याच्या काळातला निःस्पृह न्यायाधीश. दुसरा शिंग वाँग, नगराचा रक्षक. विद्या, शब्द, न्याय आणि नगर, अशी ही मांडणी. ती इथे का आहे, ते पुढे येईलच.

उदबत्ती लावायची असेल तर तीन घ्या. दिव्यावर पेटवून ज्योत फुंकून विझवू नका, हाताने वारा घालून किंवा हलकेच हलवून विझवा. दोन्ही हातांनी कपाळापर्यंत उचलून तीनदा वाका आणि राखेत सरळ उभी खोचा. तिरकी खोचली की जळती राख शेजारच्याच्या मनगटावर पडते. गर्दीत काड्या डोक्याच्या वर धरा, नाहीतर कुणाचा तरी सदरा जळतो. वरची वेटोळी भक्तांनी पैसे देऊन टांगलेली असतात, नाव आणि मागणं लिहिलेला लाल कागद त्यांना लटकतो. खालच्या टोकाला पेटवलेलं वेटोळं कित्येक दिवस जळत राहतं. त्याच्या अगदी खाली उभं राहून फोटो काढू नका. दम्याचा त्रास असेल तर दारापाशीच थांबलेलं बरं. आणखी एक, नैवेद्यात भाजलेलं डुकराचं मांस किंवा कोंबडी दिसली तर दचकू नका. नैवेद्य दाखवून झाला की तो लोक घरी नेतात.

मग काउ चिम. हा आपल्या कोकणातल्या कौलासारखाच प्रकार. बांबूच्या नळीत अंक लिहिलेल्या काड्या असतात, क्वान ताईच्या प्रचलित संचात १००. गुडघे टेकायचे, मनात एकच प्रश्न धरायचा आणि नळी पुढे कलती करून हलवायची. फार उभी धरली तर काडी बाहेरच येत नाही, फार आडवी केली तर मूठभर सांडतात. दोन पडल्या तर दोन्ही परत टाकून पुन्हा सुरुवात. एकच पडली की तिचा अंक आधी टिपून घ्या, तो चिनीत असतो. मग अर्धचंद्राच्या आकाराचे दोन लाकडी तुकडे टाकून देवाला विचारायचं, हीच काडी का? एक सपाट आणि एक फुगीर बाजू वर आली तर होकार. दोन्ही फुगीर वर, तर नकार. दोन्ही सपाट वर आल्या तर देव हसला, प्रश्न नीट विचारलेला नाही. अर्थ सांगणाऱ्याकडे जाणार असाल तर दक्षिणा आधीच विचारून घ्या.

लाकडी कोरीवकामाच्या दोन पालख्या आहेत, १८६२ आणि १८८५ सालच्या. देवांची मिरवणूक त्यांतून निघायची.

आता ज्या भागाकडे लोक सहसा फिरकत नाहीत, तिकडे वळू. आवारात मान मो मंदिराखेरीज दोन वास्तू आहेत. लिट शिंग कुंग, म्हणजे सर्व देवांचं सभागृह, आणि कुंग सो, म्हणजे पंचायतीची जागा. कुंग सो दिसायला साधी आहे. पण वसाहतीच्या सुरुवातीला इंग्रजी कोर्टाची भाषा चिनी माणसाला कळत नव्हती, आणि त्याच्या शपथेवर कोर्टाचा विश्वास बसत नव्हता. मग भांडणं इथे मिटवली जात. शपथ घ्यायची तर पिवळ्या कागदावर लिहून तो देवापुढे जाळायचा आणि कोंबड्याचं मुंडकं उडवायचं. खोटं बोललो तर माझंही असंच होवो, हा त्याचा अर्थ. पाओ कुंग गाभाऱ्यात कशाला, ते इथे कळतं.

मंदिराचा पैसाही समाजाकडेच वळला. १८८० साली मंदिराच्या निधीतून शेजारीच मोफत शाळा निघाली, ती तुंग वा रुग्णालयाच्या मंडळींनी चालवली. १९०८ च्या कायद्याने मंदिराचा कारभारच तुंग वा रुग्णालयाकडे गेला, तो आजही त्यांच्याकडे आहे. पेटीत टाकलेला पैसा कुठे जातो हा प्रश्न पडलाच, तर उत्तर हे. २०१० साली तिन्ही वास्तूंना संरक्षित स्मारकाचा दर्जा मिळाला. बाहेर पडून पश्चिमेकडे थोडं चाललात की पो यान स्ट्रीटवर तुंग वा रुग्णालय लागतं. १८७२ साली उघडलेलं हे रुग्णालय अजून चालू आहे.