उसनवारीचं हत्यार

लिनक्स कर्नल, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. सुरुवात १९९१ ची. पुढची दहा वर्षं जगभरचे प्रोग्रॅमर त्यावर साध्या ईमेलने काम करत होते. कोडमध्ये काही दुरुस्त केलं, की त्याचा पॅच, म्हणजे बदललेल्या ओळींचा तुकडा, मेलिंग लिस्टवर, म्हणजे सगळ्यांना जाणाऱ्या सामायिक ईमेल यादीवर, टाकायचा. बाकीचे तो ओळ न् ओळ वाचणार, चुका दाखवणार, आणि शेवटी लिनक्स सुरू करणारे लिनस टोरवाल्ड्स तो कर्नलमध्ये घेणार. माणसं वाढली तसा एकट्या लिनसला हा पसारा आवरेना. चांगले पॅचही मेलच्या ढिगात गडप होऊ लागले.

२००२ मध्ये लिनसने कोडमधले बदल नोंदवून सांभाळणारं बिटकीपर हे साधन घेतलं. कामाला चोख, पण मालकी एका कंपनीची आणि कोड बंद. वापर फुकट, मात्र अट अशी, की त्याच्याशी स्पर्धा करणारं साधन तुम्ही बनवायचं नाही. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रणेते रिचर्ड स्टॉलमन यांनी उघड विरोध केला. लिनसची अडचण खरी होती. तरी मला स्टॉलमन यांचंच म्हणणं पटतं. उसन्या हत्यारावर घर बांधायला घेतलं, तर ते परत मागितलं जाईल तेव्हा काय?

ते मागितलं गेलंच. ऑस्ट्रेलियातले अँड्र्यू ट्रिजेल, साम्बा या फाइल-शेअरिंग सॉफ्टवेअरचे कर्ते, टेलनेटने, म्हणजे दूरच्या संगणकाशी मजकुरातून बोलण्याच्या जुन्या सोयीने, बिटकीपरच्या सर्व्हरला जोडले गेले आणि त्यांनी एकच शब्द टाइप केला: 'हेल्प'. सर्व्हरने आपल्या आज्ञांची यादी पुढे ठेवली. त्यावरून त्यांनी बिटकीपरशी बोलणारं स्वतःचं साधन लिहायला घेतलं. कंपनी बिथरली, आणि २००५ च्या एप्रिलमध्ये फुकटची आवृत्ती मागे घेतली जाणार हे जाहीर झालं.

लिनसने कर्नल बाजूला ठेवलं. ३ एप्रिलला नवं साधन लिहायला बसले. ७ तारखेला ते साधन स्वतःचाच कोड सांभाळू लागलं. १६ तारखेला कर्नल त्यात आलं. नाव, गिट. परवाना जीपीएल, म्हणजे कुणीही वापरावं, बदलावं, वाटावं असा मुक्त परवाना. हे कुणी परत मागू शकत नाही.

मेलिंग लिस्ट या सगळ्या काळात चालूच होती. आजही कर्नलचे बहुतेक पॅच ईमेलनेच जातात, साध्या मजकुरात. नवख्याला हे जाचतं, आणि ते जाचकच आहे: मेल प्रोग्रॅमने टॅबच्या जागी स्पेस घातल्या, तरी पॅच लागत नाही. पण पॅच पाठवायला कुठल्या कंपनीच्या संकेतस्थळावर खातं उघडावं लागत नाही. आणि या पत्रव्यवहाराचा 'लोर' नावाचा संग्रह आहे. तो गिटमध्येच ठेवलाय. ज्याला हवा त्याने अख्खा उतरवून घ्यावा.