‘अग्रेसिव्ह’ हा शब्द मी लिहिला होता

नमस्कार. मागे ऐकू येतंय ना? बरं. आज इथे बरेच जण एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, काम करणारे आहात, कुणी नर्स, कुणी डॉक्टर, कुणी केअरर, म्हणून मेंटल हेल्थ वॉर्डवर ब्लॅक पेशंटकडे आपण कोणत्या नजरेने बघतो, हा विषय मी मुद्दाम आपल्या माणसांत, मराठीत बोलायला घेतला.

मी इंग्लंडला आले तेव्हा मेंटल हेल्थ वॉर्डवर नवीन होते. एक पेशंट होते, जमैकन घरातले, उंच, धिप्पाड, पन्नाशीचे. एका संध्याकाळी ते कॉरिडॉरमधल्या फोनवर खूप मोठ्याने बोलत होते, हात भिंतीवर आपटत होते, आणि मी घाबरले, खरंच घाबरले, आणि नोट्समध्ये लिहिलं, ‘अग्रेसिव्ह’, म्हणजे आक्रमक. एकच शब्द. रात्रपाळीने तो वाचला, त्यांना इंजेक्शन दिलं गेलं. दुसऱ्या दिवशी त्यांची बहीण आली तेव्हा कळलं की त्यांची आई तिकडे जमैकात, किंग्स्टनला वारली होती आणि अंत्यविधीला जाता येणार नाही म्हणून ते रडत होते. आपल्याकडे घरात कुणी गेलं की बायका-माणसं हंबरडा फोडतात, ते मी लहानपणापासून बघितलंय, तरी त्या माणसाचं रडणं मला रडणं म्हणून ओळखताच आलं नाही. नंतर पूर्ण फाइल काढून वाचली. तोच शब्द माझ्या आधी तीनचार जणांनी लिहिलेला होता.

आता आकडा सांगते. इंग्लंडमध्ये मेंटल हेल्थ ॲक्टखाली जबरदस्तीने ॲडमिट होण्याचं, म्हणजे ‘सेक्शन’ होण्याचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा ब्लॅक लोकांत साडेतीन ते चार पट आहे. लोक लगेच म्हणतात की त्यांच्यात आजारच जास्त असेल, रक्तातच असेल. इथल्या कॅरिबियन लोकांत स्किझोफ्रेनियाचं, म्हणजे भास-भ्रम होणाऱ्या गंभीर मानसिक आजाराचं, निदान खरंच कितीतरी जास्त होतं, पण फ्रेडरिक हिकलिंग नावाच्या जमैकन सायकायट्रिस्टने 1990 च्या दशकात जमैकातच मोजदाद केली तर तिथे प्रमाण इथल्या गोऱ्यांच्या आसपासच निघालं. मग रक्ताचा प्रश्न कुठे राहिला? इथलं जगणं आणि इथली बघणारी नजर, दोन्ही तपासायला नको का?

ही नजर जुनी आहे हो. 1851 साली अमेरिकेत सॅम्युअल कार्टराइट नावाच्या डॉक्टरने गुलाम पळून जातात हा मनाचा आजार आहे असं लिहिलं, त्याला ‘ड्रेपेटोमेनिया’ नाव दिलं, आणि त्यावर इलाज काय, तर चाबूक.

डेव्हिड बेनेट हे नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकलंय? सगळे त्यांना रॉकी म्हणायचे. वय 38, नॉरिचच्या एका क्लिनिकमध्ये पेशंट. ऑक्टोबर 1998. तिथेही भांडण फोनवरूनच झालं बघा, दुसऱ्या पेशंटशी, त्याने वर्णावरून शिव्या दिल्या, आणि वॉर्ड बदलला कुणाचा तर डेव्हिडचा. ते चिडले, नर्सला मारलं, हे खरंय. मग स्टाफने त्यांना जमिनीवर पालथं पाडून सुमारे 25 मिनिटं दाबून धरलं आणि ते तिथेच गेले. त्याच्या पाच वर्षं आधी, 1993 मध्ये, त्यांनी क्लिनिकला पत्र लिहिलं होतं की इथे सहाहून जास्त ब्लॅक मुलं आहेत पण स्टाफमध्ये एकही ब्लॅक माणूस नाही, निदान दोघं तरी असावेत. किती साधी मागणी! चौकशी अहवालाने एनएचएसमध्ये संस्थात्मक वर्णद्वेष आहे असं स्पष्ट म्हटलं, आणि पालथं दाबून धरणं तीन मिनिटांच्या वर नको असंही.

तरी 2010 मध्ये ओलासेनी लुइस गेला. 23 वर्षांचा पोरगा, आयटीचा ग्रॅज्युएट, आईवडिलांनीच विश्वासाने दवाखान्यात नेलेला. त्याला धरायला अकरा पोलीस. त्याच्या आईवडिलांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा 2018 मध्ये त्याच्या नावाने ओळखला जाणारा कायदा, ‘सेनीज लॉ’, झाला, वॉर्डवर बळ वापरलं तर नोंद ठेवायची.

असं ऐकलेल्या घरातला माणूस जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, वेळेवर जाईल का? तो टाळतो, घरचे सांभाळून घेतात, आणि अगदी हाताबाहेर गेलं की पोलीस आणतात, आणि पोलिसांसोबत आलेल्या माणसाकडे वॉर्डचा दरवाजा उघडतानाच आपण वेगळ्या नजरेने बघतो. औषधं मिळतात, बोलण्याची थेरपी मात्र कमी वाट्याला येते.

2023 मध्ये एनएचएस इंग्लंडने पीसीआरईएफ, म्हणजे पेशंट आणि घरच्यांसाठी वांशिक समानतेचा आराखडा, आणलं, प्रत्येक मेंटल हेल्थ ट्रस्टला, म्हणजे या सेवा चालवणाऱ्या एनएचएसच्या संस्थेला, आता ब्लॅक आणि इतर समाजातल्या पेशंट आणि घरच्यांना सोबत घेऊन बदल करायचे आहेत. तुमच्या ट्रस्टमध्ये त्याचं काय चाललंय ते सोमवारी मॅनेजरला विचारा.

मी स्वतः तो शब्द लिहिणं सोडलं. जे दिसलं ते लिहिते. फोनवर बहिणीशी मोठ्याने बोलत होते, रडत होते, मी पाणी दिलं, दहा मिनिटं शेजारी बसले. लिहायला दोन ओळी जास्त लागतात, आणि रात्रपाळीची नर्स आधी जाऊन त्यांच्याशी बोलते.

मागे हात वर दिसतोय, विचारा ना ताई.