दीड व्होल्टात कोट्यवधी रेणू वळतात कसे? लिक्विड क्रिस्टलचं भौतिकशास्त्र

[टेबलावर डिजिटल व्हर्निअर, बटण सेल, पोलरॉइड गॉगल, पातळ स्टीलची फूटपट्टी]

नमस्कार मंडळी. आज आपण कोल्हापूरच्या उद्यमनगरात आहोत, एका ओळखीच्या मशीनशॉपमध्ये. मागं लेथचा आवाज येतोय, तो येऊ दे. माझ्या हातात हे आहे डिजिटल व्हर्निअर. इथल्या प्रत्येक वर्कशॉपमध्ये जॉब मापायला हेच लागतं. मघाशी इथल्या मिस्त्रींनी मला विचारलं, "सर, ह्यो एवढासा सेल, आन् म्हैनं म्हैनं आकडं दिसत्यात. ह्यात उजेड कुठनं येतोय?"

प्रश्न एकदम बरोबर जागी आहे. हा बटण सेल दीड व्होल्टचा. पांढरा एलईडी पेटवायला साधारण तीन व्होल्ट लागतात, म्हणजे ह्या एका सेलवर तो धड पेटणारही नाही. मग आकडा दिसतो कसा?

[दिवे बंद]

बघा, दिवे घालवले. आकडे गायब! व्हर्निअर चालूच आहे, पण अंधारात काही दिसत नाही. ह्या पडद्याजवळ स्वतःचा उजेडच नाही. बाहेरचा उजेड आत येतो, मागच्या परावर्तकावर आपटून परत येतो, आणि आकड्याच्या आकारात तेवढा अडवला जातो. सेलचं काम फक्त अडवायचं की सोडायचं, एवढंच. म्हणून तो इतका पुरतो.

[दिवे चालू, गॉगल पडद्यासमोर]

आता हा पोलरॉइड गॉगल पडद्यासमोर धरून हळूहळू फिरवतो. कॅमेरा जवळ घ्या. इथं सगळं दिसतंय... थोडं फिरवलं... आणि आता पूर्ण पडदा काळा. पडद्यातून येणारा प्रकाश एकाच पातळीत कंप पावतोय, त्याला ध्रुवित प्रकाश म्हणतात. गॉगलची काच त्या पातळीला काटकोनात आली की सगळा प्रकाश अडतो. (महाद्वार रोडवर पोलरॉइड म्हणून गॉगल घेताना दुकानातल्या कॅल्क्युलेटरसमोर असाच फिरवून बघा. काळं झालं नाही तर तो गॉगल पोलरॉइड नाही.)

पडद्याच्या आत दोन काचा आहेत. दोघींमधली फट पाच ते दहा मायक्रॉन. उद्यमनगरच्या भाषेत सांगायचं तर एका शतकाइतकी, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकी, किंवा त्याहूनही कमी. काचांच्या आतल्या बाजूला वीज वाहणारा पारदर्शक थर असतो, त्यावर पॉलिमरचा पातळ थर, आणि तो थर मखमली कापडानं एकाच दिशेनं घासलेला असतो. वरची काच एका दिशेनं घासलेली, खालची तिच्या काटकोनात. फटीत भरलेलं असतं लिक्विड क्रिस्टल, म्हणजे काडीसारख्या लांबट रेणूंचा द्रव. काचेला टेकलेले रेणू घासल्याच्या दिशेनं पडतात, मधले शेजाऱ्याशी जुळवून घेत हळूहळू वळत जातात, आणि वरपासून खालपर्यंत ९० अंशांचं वळण तयार होतं. वर आणि खाली एकेक पोलरायझर असतो, म्हणजे गॉगलच्या काचेसारखी एकाच पातळीतला प्रकाश सोडणारी फिल्म. वरच्यातून आलेल्या प्रकाशाची पातळीही त्या वळणाबरोबर फिरते आणि तो खालच्या, काटकोनात बसवलेल्या पोलरायझरमधून आरपार जातो. व्होल्टेज दिलं की मधले रेणू उभे होतात, वळण मोडतं, प्रकाश अडतो, तिथं काळा आकडा उमटतो. ही रचना स्वित्झर्लंडमध्ये मार्टिन शाट आणि वोल्फगांग हेल्फरिश यांनी १९७० च्या डिसेंबरमध्ये पेटंटसाठी दाखल केली.

इथपर्यंतची गोष्ट बऱ्याच व्हिडिओंमध्ये सांगतात आणि थांबतात. मला जी सांगायची आहे ती इथून पुढं आहे. दीड व्होल्टात रेणू उभा राहतो, हे आपण किती सहज म्हणून गेलो! जरा हिशेब करूया.

उदाहरणाला ५सीबी हा रेणू घेऊ. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात जॉर्ज ग्रे यांच्या गटानं तो बनवला. दोन बेंझिन वलयं, एका टोकाला सायनो गट, दुसऱ्या टोकाला पाच कार्बनची शेपटी. आठ मायक्रॉनच्या फटीवर दीड व्होल्ट दिले तर विद्युत क्षेत्र होतं मीटरला जवळपास दोन लाख व्होल्ट. ऐकायला प्रचंड. पण ह्या क्षेत्रात एका रेणूची ऊर्जा जेवढी बदलते, त्याच्या हजारपटीहून जास्त ऊर्जा खोलीच्या तापमानाला त्याच्या उष्णतेच्या धडपडीतच असते. म्हणजे एकटा रेणू असता, तर ह्या क्षेत्राची त्याला दखलही घ्यावी लागली नसती. इकडून तिकडून धक्के खात कुठल्याही दिशेला फिरत राहिला असता. साध्या द्रवात नेमकं हेच होतं.

लिक्विड क्रिस्टलमध्ये रेणू एकटा नसतो. नेमॅटिक नावाच्या अवस्थेत हे रेणू द्रवासारखे वाहतात, जागा बदलतात, पण सगळ्यांच्या लांबीचा रोख साधारण एकाच बाजूला राहतो. एका घन मायक्रॉनमध्ये असे दोनशे कोटींहून जास्त रेणू मावतात. एकाला वळायचं तर शेजाऱ्यांना घेऊनच वळावं लागतं. त्यामुळं क्षेत्राचा जोर एकेका रेणूवर नगण्य असला, तरी एकत्र वळणाऱ्या कोट्यवधी रेणूंवर मिळून तो उष्णतेच्या धडपडीला पुरून उरतो. मला ह्या विषयाचं जे वेड लागलं, ते ह्या एका गोष्टीमुळं.

अजून एक गंमत आहे. ५सीबीच्या एका टोकाला विजेचा ऋण कल, दुसऱ्या टोकाला धन. पण नेमॅटिकमध्ये जेवढे रेणू डोकं वर करून असतात, तेवढेच डोकं खाली करून. बेरीज शून्य. मग क्षेत्र पकडतं कशाला? ते पकडतं दिशेनुसार बदलणाऱ्या गुणधर्माला. ५सीबीचा परावैद्युत स्थिरांक, म्हणजे क्षेत्राला पदार्थ किती प्रतिसाद देतो त्याचं माप, लांबीच्या दिशेनं १८ च्या आसपास आणि आडव्या दिशेनं ७ च्या आसपास आहे. म्हणून रेणू क्षेत्राला समांतर झाले की एकूण ऊर्जा कमी होते. आणि ही ऊर्जा क्षेत्राच्या वर्गावर अवलंबून असते. वर्ग म्हटल्यावर अधिक काय आणि उणे काय, सारखंच. सेल उलटा जोडला तरी रेणू तसेच उभे राहतात.

म्हणून पडद्याला सतत उलटसुलट होणारं व्होल्टेज देता येतं. आणि तसंच द्यावं लागतं. एकाच बाजूचं व्होल्टेज देत राहिलं तर द्रवातले आयन एका काचेकडं साचतात, तिथं रासायनिक क्रिया होतात आणि पडदा खराब होतो. म्हणून सेल डीसी असला, तरी व्हर्निअरच्या आतलं सर्किट त्याची दिशा सेकंदाला कित्येकदा बदलत असतं.

[स्टीलची पातळ पट्टी हातात]

आता ही पट्टी बघा. दोन तळव्यांमध्ये उभी धरून दाबतोय. थोडा दाब... काही नाही, सरळच आहे. अजून थोडा... सरळच. अजून जरा... झाली वाकडी! एका ठरावीक दाबापर्यंत पट्टी ढिम्म हलत नाही, आणि तो ओलांडला की एकदम मधून वाकते. नेमॅटिकचं गणित अगदी ह्याच धाटणीचं आहे. दोन्ही टोकं काचांनी धरून ठेवलेली, मधला भाग वळू शकतो, पण वळायला शेजाऱ्यांची स्थितिस्थापकता आड येते. ठरावीक व्होल्टेजपर्यंत काहीच घडत नाही. तो उंबरठा ओलांडला की थराच्या मध्यावरचे रेणू आधी कलतात.

पट्टी आत्ता डावीकडं वाकली, ती उजवीकडंही वाकली असती. रेणूंचंही तसंच. काही भाग एकीकडं कलला आणि शेजारचा दुसरीकडं, तर पडद्यावर डाग दिसतील. म्हणून काच घासताना रेणूंना एक ते तीन अंशांचा कल मुद्दाम देऊन ठेवतात, की वाकायचं ते सगळ्यांनी एकाच बाजूला.

हा उंबरठा पहिल्यांदा नीट मोजला लेनिनग्राडमध्ये, १९२७ मध्ये, व्सेवोलोद फ्रेडरिक्स यांनी. त्यांनी सुरुवात केली चुंबकापासून. सपाट काच आणि भिंगाची फुगीर काच यांच्यामध्ये द्रव भरला. त्यामुळं मध्ये थर पातळ आणि कडेला जाड झाला. चुंबकीय क्षेत्रात कडेचे जाड भाग वळले, मधले पातळ वळले नाहीत, आणि दोघांच्या सीमेवर एक वर्तुळ दिसलं. क्षेत्र वाढवलं की वर्तुळ आत सरकतं. किती सुंदर प्रयोग! एकाच काचेत सगळ्या जाडीची मोजणी. त्यातून निघालं की उंबरठ्याचं चुंबकीय क्षेत्र गुणिले जाडी, हा आकडा कायम राहतो. ह्या संक्रमणाला आजही त्यांचंच नाव आहे. पुढं स्टालिनच्या काळात त्यांना अटक झाली आणि १९४४ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. आज जगातल्या घराघरांत त्यांनी मोजलेली गोष्ट रोज चालते, आणि त्यांचं नाव फार थोड्यांना ठाऊक आहे. ह्याचं मला वाईट वाटतं, म्हणून ते इथं मुद्दाम घेतलं.

चुंबकाला रेणूत पकडायला काय मिळतं? बेंझिनची वलयं. वलयाला काटकोनात चुंबकीय क्षेत्र आलं की त्यात विरोधी प्रवाह उठतो आणि ऊर्जा वाढते. म्हणून वलयं आपलं प्रतल क्षेत्राला समांतर ठेवायला बघतात, आणि त्यांच्याबरोबर अख्खा रेणू. हा परिणाम फार दुबळा आहे. ५सीबीचा दहा मायक्रॉनचा थर वळवायला सुमारे ०.८ टेस्ला (चुंबकीय क्षेत्राचं एकक) लागतात. शंभर मायक्रॉनचा असेल तर ०.०८ टेस्ला पुरतात. तुमच्याकडचं निओडिमियमचं छोटं चुंबक पृष्ठभागाजवळ टेस्लाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतकं क्षेत्र देतं. म्हणून ते व्हर्निअरच्या पडद्याला लावलं तरी आकडे ढळत नाहीत.

आता विजेकडं या. नियम तोच, उंबरठ्याचं क्षेत्र गुणिले जाडी कायम. पण विद्युत क्षेत्र म्हणजे काय? व्होल्टेज भागिले जाडी. म्हणजे क्षेत्र गुणिले जाडी म्हणजे नुसतं व्होल्टेज! जाडी गेली निघून. पाच मायक्रॉनची फट असो की पन्नासची, उंबरठा तेवढाच. ५सीबीसाठी तो येतो साधारण ०.८ व्होल्ट. ह्या द्रवाची स्थितिस्थापकता असते काही पिकोन्यूटन, म्हणजे न्यूटनच्या लाख कोटीव्या भागाच्या पटीत. ती इतकी नाजूक आहे म्हणूनच उंबरठा एका व्होल्टच्या आसपास आला, आणि बटण सेलवर पडदे चालू शकले. वळण दिलेल्या रचनेत आकडा थोडा बदलतो आणि गडद काळं व्हायला उंबरठ्याच्या बरंच पुढं जावं लागतं, पण मामला एक-दोन व्होल्टचाच. शिवाजी विद्यापीठात किंवा कुठंही एम.एस्सी. करणाऱ्यांनी हे समीकरण एकदा स्वतः मांडून बघाच. दोन ओळींत जाडी कटते, तेव्हा फार बरं वाटतं.

जाडी उंबरठ्यातून गेली, पण वेळेत ती पुरेपूर वसूल होते. व्होल्टेज काढल्यावर रेणूंना परत आडवं करायला कुठलंही क्षेत्र येत नाही. काचेनं धरलेले रेणू शेजाऱ्यांना ओढतात, ते पुढच्यांना. हा वेळ जाडीच्या वर्गाप्रमाणं वाढतो. ५सीबीला पाच मायक्रॉनच्या थरात साधारण ३० मिलिसेकंद, दहा मायक्रॉनमध्ये त्याच्या चौपट. थंडीत द्रव घट्ट होतो आणि आकडे आळसावतात. पन्हाळ्यावर डिसेंबरच्या पहाटे जुनं डिजिटल घड्याळ बघा, सेकंदाचा आधीचा आकडा पुसला जाताना रेंगाळलेला दिसेल.

तापमानाचं म्हणाल तर शुद्ध ५सीबी नेमॅटिक राहतं फक्त २४ ते ३५ अंश सेल्सिअसमध्ये. कोल्हापूरच्या जानेवारीतल्या सकाळी ते गोठू पाहील, आणि एप्रिलच्या दुपारी त्याची शिस्त मोडून साधा द्रव होईल. म्हणून पडद्यात मिश्रणं भरतात. ई-७ नावाचं चार पदार्थांचं मिश्रण साधारण साठ अंशांपर्यंत टिकतं, आजची त्याच्याही वर. उन्हात लावलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेला पडदा कधी काळा पडलेला दिसतो, तेव्हा आतली शिस्त उष्णतेनं विस्कटलेली असते. सावलीत आणला की बहुतेक वेळा परत येतो.

लिक्विड क्रिस्टलचा मूळ शोध मात्र वनस्पतिशास्त्रातून आला. १८८८ मध्ये प्रागमध्ये फ्रीड्रिश रायनिट्झर यांना कोलेस्टेरिल बेंझोएट १४५.५ अंशांना वितळून गढूळ होताना आणि १७८.५ अंशांना स्वच्छ होताना दिसलं. आपल्याकडं बेंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत एस. चंद्रशेखर आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये दाखवलं की काडीऐवजी चकतीसारख्या रेणूंचंही लिक्विड क्रिस्टल होतं. पुढं चकतीच्या रेणूंच्या फिल्म पडद्यांवर बसल्या, तिरक्या बाजूनंही चित्र नीट दिसावं म्हणून.

मघाशी मी म्हटलं, डोकं वर आणि डोकं खाली सारखेच, म्हणून सेल उलटा जोडला तरी चालतं. पण सगळ्यांची डोकी एकाच बाजूला असलेला नेमॅटिक असू शकेल, असं भौतिकशास्त्रज्ञ माक्स बॉर्न यांनी १९१६ मध्येच सुचवलं होतं. शंभर वर्षं तो कुणाला पक्का सापडला नाही. २०१७ मध्ये इंग्लंडमधल्या यॉर्कमध्ये बनलेल्या आरएम-७३४ ह्या पदार्थात, अमेरिकेतल्या बोल्डरच्या गटानं २०२० मध्ये तो दाखवला. तिथं ऊर्जा क्षेत्राच्या वर्गावर नाही, थेट क्षेत्रावर चालते. सेंटिमीटरला एखाद्या व्होल्टचं क्षेत्रही रेणूंना वळवतं, आणि क्षेत्र उलटं केलं की रेणूंची डोकीही उलटी फिरतात. आज आपण काढलेला उंबरठ्याचा हिशेब तिथं जसाच्या तसा लावता येत नाही. तो नव्यानं मांडायचं काम जगभर चालू आहे.