दहावी नापास, एक्स-रे पास

(लघुमाहितीपटाचं निवेदन. सुरुवात बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीतल्या (जीआयडीसी) एका फॅब्रिकेशन शेडमध्ये.)

पाइप पंचेचाळीस अंशांत तिरका बांधलाय. तो हलवायचा नाही, वेल्डरनंच त्याच्याभोवती फिरायचं. कधी गुडघ्यावर, कधी पाठ टेकवून, कधी मान मुरगाळून. या टेस्टला शेडमध्ये ‘सिक्स-जी’ म्हणतात. आधी आर्गन वायूच्या वेल्डिंगनं रूट, म्हणजे तळाचा पहिला थर मारायचा, मग इलेक्ट्रोडनं भरत यायचं, शेवटी कॅपिंग, म्हणजे वरचा थर. काळ्या काचेतून पाहिलं तर हात हलताना दिसतच नाही, वितळलेल्या धातूचा थेंब तेवढा पुढे सरकतो. नंतर सांधा एक्स-रेला जातो. आत टाचणीच्या टोकाएवढं छिद्र राहिलं तरी फिल्मवर उमटतं, आणि मेहनत पाण्यात.

या पोराचा एक्स-रे क्लिअर आलाय. घर वाडी भागात. घरी मराठी, शेडमध्ये गुजराती, फोरमनशी हिंदी. आखातातल्या रिफायनरीच्या शटडाउनसाठी, म्हणजे ती बंद ठेवून करायच्या दुरुस्तीसाठी माणसं घेतायत, तिथं जायचंय. पण त्याच्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर ‘ईसीआर’ छापलंय, म्हणजे देश सोडण्याआधी सरकारची परवानगी घ्या. कारण दहावीला गणित राहिलं ते राहिलंच. त्याचा मावसभाऊ बी.कॉम. झाला. त्यानं आयुष्यात वेल्डिंगचा होल्डर धरलेला नाही, पण त्याला ही अट नाही.

हा नियम 1983 च्या उत्प्रवास कायद्यातून आला. आखातासह 18 देशांत कामाला जाणाऱ्या कमी शिकलेल्या माणसाला एजंटनं फसवू नये, मालकानं राबवून घेऊ नये, म्हणून ही तपासणी. हेतू चांगलाच होता, आणि फसवणूक होते हेही खोटं नाही. पण जानेवारी 2018 मध्ये सरकारनं जाहीर केलं की अशा लोकांचा पासपोर्ट नारिंगी रंगाचा असेल. म्हणजे विमानतळावरच्या रांगेत लांबूनच कळावं, हा दहावी नापास! ओरड झाली आणि महिना संपायच्या आत निर्णय मागे घेतला गेला. रंग गेला, अट राहिली.

(अलकापुरी. व्हिसा कन्सल्टंटांचे बोर्ड, आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेच्या क्लासबाहेर लावलेल्या स्कूटर.)

इथली गिऱ्हाइकं वेगळी. यांच्याकडे डिग्री आहे. बाहेरच्या देशांतले पुढारी ‘आम्हाला कुशल माणसं हवीत’ म्हणतात, तेव्हा ते आपल्याबद्दलच बोलतायत अशी या मुलांची समजूत असते. डिसेंबर 2024 पर्यंत ती बरीचशी खरीही होती.

अमेरिकेत 1990 च्या कायद्यानं कुशल परदेशी कामगारांसाठीचा एच-वन-बी व्हिसा आला. खाजगी कंपन्यांसाठी वर्षाला 65,000 आणि तिथं मास्टर्स केलेल्यांसाठी आणखी 20,000. मागणी इतकी की सोडत काढावी लागते. मंजूर होणाऱ्यांत दहापैकी सात-आठ भारतीय. त्या डिसेंबरात ट्रम्प यांच्या गोटातच जुंपली. इलॉन मस्क म्हणाले, हुशार इंजिनिअर आणायलाच हवेत. ट्रम्प यांचे जुने सल्लागार स्टीव्ह बॅनन म्हणाले, ही अमेरिकन कामगाराची लूट आहे. गंमत म्हणजे डाव्या बाजूचे सिनेटर बर्नी सँडर्सही या मुद्द्यावर बॅनन यांच्याच जवळ जाऊन बसले: कंपन्यांना हुशारी नको, स्वस्त माणूस हवाय. सप्टेंबर 2025 मध्ये नव्या अर्जावर 1,00,000 डॉलर शुल्क लागलं. हुशारांनाही दार उघडं नाही, हे दांडिया बाजारातल्या घराघरांत त्या दिवशी कळलं.

आता दुसरी बाजू पाहा, जिच्याबद्दल सभांमध्ये फक्त ‘नको’ एवढंच बोललं जातं. ‘अकुशल’ कामगारांच्या ग्रीन कार्डांना, म्हणजे कायम राहायच्या परवान्यांना, त्याच 1990 च्या कायद्यानं वर्षाला 10,000 ची मर्यादा घातली. पुढे ती जवळपास निम्म्यावर आली. मात्र शेतात पीक काढायला येणाऱ्यांच्या हंगामी व्हिसाला मर्यादाच नाही. कितीही या, राबा, हंगाम संपला की परत जा. तेव्हा ‘अकुशल माणूस लागत नाही’ हे मला पटत नाही. लागतो, फक्त तो कायमचा राहायला नको असतो.

ब्रिटननं तर तीन-साडेतीन वर्षांत एकाच कामाला दोन्ही बाजूंना बसवून दाखवलं. कोविडनंतर वृद्धांची शुश्रूषा करायला माणसं मिळेनात, तेव्हा फेब्रुवारी 2022 मध्ये केअर वर्करला कुशल कामगारांच्या व्हिसात घेतलं. जुलै 2025 मध्ये परदेशातून नवी भरती बंद केली आणि कुशल म्हणवून घ्यायची पातळी पदवीपर्यंत नेली. काम तेच. म्हाताऱ्या माणसाला कुशीवर वळवायचं, अंघोळ घालायची, पाठीला फोड येत नाहीत ना ते बघायचं. आपल्या आजीचं हे सगळं केलेल्या माणसाला विचारा, यात कौशल्य लागतं की नाही.

बाहेरचे मजूर आले की तिथल्यांची मजुरी घसरते, हे विरोध करणाऱ्यांचं म्हणणं मात्र धुडकावून लावण्यासारखं नाही. 1980 मध्ये क्यूबातून सव्वा लाखाच्या आसपास माणसं बोटींनी अमेरिकेत आली आणि त्यातली निम्मी मायामीत राहिली. अर्थतज्ज्ञ डेव्हिड कार्ड यांनी 1990 मध्ये दाखवलं की तिथल्या कमी शिकलेल्या कामगारांच्या मजुरीवर फारसा परिणाम झाला नाही. पुढे दुसरे अर्थतज्ज्ञ जॉर्ज बोर्हास यांनी तीच आकडेवारी वेगळी चाळली आणि म्हणाले, शाळा सोडलेल्यांची मजुरी चांगलीच घसरली. त्यांचा नमुना फार लहान आहे, असं इतरांनी म्हटलं. कार्ड यांना 2021 चं नोबेल मिळालं, वाद काही मिटला नाही. बोर्हास स्वतः लहानपणी क्यूबातूनच आलेले, हे जाता जाता.

(सयाजीबाग. जुने लोक अजून कमाटीबागच म्हणतात.)

गुणवत्ता पाहून माणूस आत घ्यायचा, हा प्रयोग बडोद्यानं केव्हाच केलाय. 1913 मध्ये सयाजीराव महाराजांनी भीमराव आंबेडकरांना शिष्यवृत्ती देऊन कोलंबिया विद्यापीठात पाठवलं. परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची, अशी अट. 1917 मध्ये ते रुजू व्हायला आले. कोलंबियाची एम.ए. आणि लंडनचं शिक्षण घेतलेला माणूस, पण शहरात राहायला खोली मिळेना. पारशांच्या धर्मशाळेत पारशी नाव सांगून उतरले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेली माणसं जिना चढून आली. ओळखीच्या दोघांकडे आसरा मागितला, दोघांनीही टाळलं. संध्याकाळ या बागेत काढून त्यांनी रात्रीची मुंबईची गाडी पकडली. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. दरबाराला हवा असलेला माणूस गल्लीला नको होता.

आपण बडोद्याचे मराठी तरी कोण? पिलाजीराव गायकवाडांच्या मागोमाग शिपाई, कारकून, शास्त्री, गवई म्हणून आलेले. आता आपल्याला कुणी परप्रांतीय म्हणत नाही आणि आपणही दुसऱ्याला म्हणायला मागेपुढे पाहत नाही. 1995 पासून गुजरात सरकारचा नियम आहे: कारखान्यांत 85 टक्के स्थानिक हवेत, पण व्यवस्थापक आणि सुपरवायझर पातळीवर 60 टक्के चालतील. स्थानिक म्हणजे किमान 15 वर्षं राज्यात राहिलेला. म्हणजे वरच्या मजल्यावर बाहेरच्याला शेकडा 40 जागा मोकळ्या, एकूण कारखान्यात जेमतेम 15. हरियाणानं तर 75 टक्क्यांचा कायदा फक्त महिना 30,000 रुपयांपर्यंतच्या नोकऱ्यांना लावला होता; नोव्हेंबर 2023 मध्ये उच्च न्यायालयानं तो रद्द केला. अमेरिकेला नावं ठेवताना हेही ध्यानात असू द्या.

(सकाळ. कडियानाका, म्हणजे रोजंदारीच्या बांधकाम मजुरांचा नाका.)

दोघं साडू शेजारी उभे आहेत. एक दाहोदचा, दुसरा झाबुआचा. बोली जवळपास एक, सोयरीक एक, मधे राज्याची हद्द. त्या नियमाच्या हिशेबानं दाहोदचा स्थानिक, झाबुआचा बाहेरचा. नाक्यावर याची कुणाला पर्वा नाही. तिथं एवढंच विचारतात, कारीगर की हेल्पर? झाबुआवाल्याच्या पिशवीत थापी आणि ओळंबा आहे. मिस्त्री आला नाही की प्लास्टर हाच करतो. तरी हजेरी हेल्परची लागते.

ठेकेदाराला आम्ही विचारलं, असं का? तो हसला. “काम येतं हो त्याला, चांगलं येतं. पण कारीगर लिहिला की कारीगराचे पैसे द्यावे लागतात ना, साहेब!”